पालथी बादली

रूळ जागेवर नव्हता.

थोरलीच्या हे लक्षात आलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. शेतावरच्या आपल्या बाजाराचं मोठं दार उघडून ती भोपळे रचत होती, मोठे खाली, लहान वर. रचता रचता सहज मान वर केली, तर खालचा माळ तिला कसातरीच दिसला. नुकतेच केस कापून आलेल्या माणसासारखा, ओळखीचा तर आहे पण काहीतरी कमी झालंय. अकरा वर्षं त्या माळावर एक दगडी रूळ आडवा पडलेला असायचा, चार गड्यांना हलणार नाही असा. तो गेला होता, भोवतीचं गुडघाभर गवतही गेलं होतं, आणि माळ अगदी गुळगुळीत झाला होता.

"धाकटे, रूळ कुठं गेला गं?"

धाकटी जाऊ दाराशी बादल्यांत फुलं खोचत होती. लग्नाआधी ती एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांची सरबराई बघायची, त्यामुळे कुठली वस्तू कुठं ठेवली की माणसं खूश होतात हे तिला बरोबर कळायचं. "फाटकाशी बघितलं नाहीत का ताई? निळा-पिवळा रंगवलाय. माणसं बसून फोटो काढतील. इतका सुंदर दगड नुसता लोळत पडला होता."

"काढला कसा?"

"ह्यांनी लांब साखळी लावून ट्रॅक्टरनं ओढला परवा. पलीकडची जमीन जरा खोलगट झाली होती, म्हणून चार घमेली माती टाकून सारखी केली. आता ट्रॅक्टरची गाडी कशी सुळकन जाईल."

थोरलीचा हात भोपळ्यावरच थांबला. रुळाच्या पलीकडे जुनी विहीर होती, तात्यांच्या वडिलांनी खणलेली, पाणी आटल्यावर टाकून दिलेली. पण ती आता नव्हती. अकरा वर्षांपूर्वी थोरलीच्या नवऱ्यानं ती बुजवली होती. चाळीस ट्रॉल्या माती आलेली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. बुजवलेली जमीन बसतेच थोडीफार, तिनं स्वतःला समजावलं, आणि पुढचा भोपळा उचलला.

पण ही तिची समजूत टिकेना, कारण ह्या घरात उगाच पडलेलं असं काही नसायचं. तात्या, म्हणजे तिचे सासरे, बोलायचे फार कमी. बोलण्याऐवजी खुणा करायचे, आणि त्यांचं बघून सगळं घर खुणांवर चालायचं. पंपाशी पालथी बादली दिसली की पंपाला हात लावायचा नाही. कुंपणाला चिंधी म्हणजे तिथली तार तुटलीय. दारात आडवी काठी म्हणजे आत नुकतंच औषध फवारलंय. नवी नवरी होऊन आली तेव्हा थोरलीला वाटलं होतं, ही माणसं मुकी आहेत की काय. मग हळूहळू ती खुणा वाचायला शिकली, आणि पुढं तर तिला त्या बोलण्याहून बऱ्या वाटायला लागल्या. धाकटीला मात्र ही सगळी अडगळ वाटायची. पालथी बादली दिसली की ती सुलटी करून तिच्यात फुलं लावायची. दोनदा पंप जळाला तरी तिचा हात काही आवरला नाही.

नऊला मोटारी यायला लागल्या. बघता बघता फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग लागली, आणि थोरलीला क्षणभर बरं वाटलं. झाडाखाली एक टेबल आणि चार टोपल्या, एवढ्यावर सुरू झालं होतं हे सगळं. मग टेबलावर छप्पर आलं, छपराला भिंती आल्या, भिंतींच्या आत बाजार आला. मग माणसं म्हणायला लागली की आमची आम्ही स्ट्रॉबेरी तोडली तर चालेल का. मग त्यांची पोरं कंटाळायला लागली म्हणून झोके आले, बकऱ्यांचं अंगण आलं, मक्याच्या उंच पिकात हरवायच्या वाटा आल्या. आणि आज ट्रॅक्टरची गाडी. ट्रॉलीत गवताचे गठ्ठे बसायला, आणि झोक्यांपासून खालच्या माळावरून सूर्यफुलांपर्यंत फेरी. दहा वाजता फीत कापून पहिली फेरी निघायची होती.

ह्या गाडीवरून घरात महिनाभर धुसफूस चालली होती. धाकट्या दिराची ही कल्पना, आणि नणंदेनं तिला उचलून धरलेलं. नणंद शाळेत शिकवायची, घरात तिला सगळे मास्तरीणच म्हणायचे, आणि ती एकदा बोलली की वर्गात काय नि घरात काय, दुसऱ्यानं बोलायचं कारण नसायचं. थोरल्यानं एकट्यानंच विरोध केला होता, आणि तोही विचित्र. "गाडी करा, पण माळावरून नको," एवढंच म्हणत राहिला. का नको, ते सांगेना. "दादाला बघवत नाही धाकट्याचं," मास्तरीण तोंडावर म्हणाली, आणि खरं सांगायचं तर थोरलीलाही तसंच वाटलं होतं. त्या रात्री ती नवऱ्याशी धड बोललीसुद्धा नव्हती. शेवटी तो गप्प बसला, म्हणजे कबूल झाला असं सगळ्यांनी धरलं.

"वहिनी, जरा येता का?" धाकटा दारात उभा. नवा शर्ट, कॉलरला माइक, कपाळावर आठ्या. "तात्या माळावर खुर्ची टाकून बसलेत. ऐन गाडीच्या वाटेत. उठा म्हटलं तर उठत नाहीत, बोलायचं तर नावच नाही. तुमचंच ऐकतात ते."

"दादांना सांगा की."

"दादा गोदामात शिरलाय तो बाहेर येईल तर शपथ."

त्याच्यामागून मास्तरीण आली. तिची तीस पोरं ट्रॉलीत बसूनही झाली होती, त्यांचा कलकलाट इथवर ऐकू येत होता. "रुसलेत ते, दुसरं काय. वहिनी, आपण बाजार काढला तेव्हाही असेच रुसले होते. अकरा वर्षांत उंबरठ्याच्या आत पाय टाकलाय का त्यांनी?"

ते खरं होतं. तात्या रोज बाजाराच्या दारापर्यंत यायचे, बाहेरच उभे राहायचे, आणि थोरली त्यांना उंबरठ्यावरून चहा द्यायची. आत या म्हटलं की मान हलवायचे. शेत सोडून दुकानदारी केली ह्याचा राग असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

थोरली हात पुसत माळाकडे निघाली. तात्या लाकडी खुर्चीत ताठ बसले होते, हातात काठी, डोक्यावर टोपी, फोटो काढून घ्यायला बसावं तसे. मागं ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं. ती चार पावलं पुढं गेली आणि तिला खुर्चीशेजारी ठेवलेली वस्तू दिसली.

बादली होती. पालथी घातलेली.

"तिथंच थांब," तात्या म्हणाले.

ती थांबली. "तात्या, इथं तर पंप नाही."

"नाही."

"मग बादली कशाला?"

"तू वाचतेस म्हणून. बाकी कोणी वाचत नाही आता."

तिनं त्यांच्या पायांखाली बघितलं. धाकट्यानं टाकलेली ताजी माती, तिच्यावर चापून बसवलेली हिरवळ. खुर्चीचे पाय बोटभर आत गेले होते.

"बुजवलीय ना ती विहीर?" तिनं शेवटी विचारलं.

"वर लाकडं आहेत. लाकडांवर पत्रे, पत्र्यांवर माती. त्याच्याखाली काही नाही." तात्यांनी काठी शेजारी टेकवली, ती हळूहळू वीतभर आत गेली. त्यांनी ती तितक्याच हळू बाहेर काढली. "लाकडं कुजलीत. तळपायाला गार वारा लागतोय मला सकाळपासून."

थोरलीनं स्वतःच्या पायांखाली बघितलं. ती जिथं उभी होती तिथं जमीन होती की नव्हती? "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. फटीतून खडा टाकला. बुजवलेल्या विहिरीत खडा वाजत नाही. तो वाजला, आणि बऱ्याच वेळानं वाजला. म्हणून मी तो रूळ आडवा टाकला."

"मग चाळीस ट्रॉल्या माती गेली कुठं?"

तात्या तिच्या खांद्यावरून वर बघत राहिले. तिनं वळून बघितलं. तिकडं बाजार होता, त्याचं लाल छप्पर, उंच जोतं, पाच पायऱ्या.

"रोज तिच्यावर उभी असतेस तू," ते म्हणाले.

तिला एकदम सगळं आठवलं. त्या वर्षी दुकानात ढोपरभर पाणी शिरलं होतं. कांदे, लसूण, मधाच्या बाटल्या, सगळं तरंगत होतं, आणि ती टेबलावर चढून लहान पोरीसारखी रडली होती. पंधरा दिवसांत नवऱ्यानं जमीन उंच करून फरशी घातली होती. तिनं नवऱ्याचं किती कौतुक केलं होतं, सगळ्या जगाला सांगत सुटली होती की ह्यांनी बोलल्याप्रमाणे वेळेत करून दाखवलं.

"तात्या, आधी तुम्ही बाजूला या. माझ्याकडे या, हळूच."

"मी उठलो की तो गाडी घालणार."

"काठावर तरी बसायचं."

"काठावर बसलो असतो तर त्यानं पलीकडून घातली असती. धाकट्याला वाट अडलेली दिसली की तो दुसरी काढतो." ह्याचं त्यांना थोडं कौतुकही होतं. "मी आपला हलका आहे. मला पेलतात अजून. ती तीस पोरं आणि ट्रॅक्टर पेलणार नाहीत."

"मग ओरडून सांगा ना सगळ्यांना."

"पहाटे तुझ्या नवऱ्याला उठवून सांगितलं, रूळ गेलाय, आता तू सांग. हो म्हणाला." तात्यांनी टोपी सारखी केली. "अजून सांगतोय तो."

थोरलीला सासऱ्यांचा असा राग ह्यापूर्वी कधी आला नव्हता. तिनं आयुष्यात त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता, तो आता आपोआप चढला. "तुम्हीही चुकलात तात्या. अकरा वर्षं तो सांगेल म्हणून तुम्ही थांबलात, आणि तुम्ही काही बोलत नाही म्हणून तो थांबला. तुम्हा बापलेकांच्या ह्या गप्प बसण्यापायी आज काय झालं असतं, कळतंय का?"

"कळतंय," तात्या म्हणाले. "म्हणून तर बसलोय."

ती वळली. आधी जपून, एकेक पाऊल, आणि कुंपणाची वाट लागल्यावर पळतच. "ट्रॅक्टर बंद ठेवा भाऊजी," ती जाता जाता ओरडली, पण इंजिनाच्या आवाजात धाकट्याला ते ऐकू गेलं नाही. त्यानं हात हलवला, जणू ती म्हणालीय की झालंच, येतात ते.

नवरा गोदामात पोत्यांची तोंडं बांधत होता. बांधलेलीच पोती पुन्हा बांधत होता. तिला बघून त्यानं सुतळी खाली टाकली नाही.

"अहो, विहीर बुजवलीय ना?"

"बुजवलीय म्हणजे? चाळीस ट्रॉल्या..."

"मला सांगा. बुजवलीय?"

"बुजवलीय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. लग्नापासून ती ते कान ओळखत होती.

"बरं. मग चला, आणि तात्यांच्या शेजारी जाऊन उभे राहा."

तो सुतळी टाकून, एखाद्याला बोलावणं यावं तसा, बाहेर निघाला. ती मागं. झोक्यांपाशी माणसं आईस्क्रीम खात उभी होती, बकऱ्यांच्या अंगणात कुणाचं तरी पोर खिदळत होतं, आणि ह्या सगळ्या माणसांपैकी एकालाही काही माहीत नाही ह्याचीच थोरलीला फार भीती वाटत होती.

माळाच्या कडेला आल्यावर तो चालत राहिला. दहा पावलं, बारा पावलं. मग थांबला. अगदी जिथं ती थांबली होती तिथंच. त्याचा उजवा पाय पुढं झाला, अधांतरी राहिला, आणि परत जागेवर आला. तात्या खुर्चीतून त्याच्याकडे बघत होते.

"तुझे पाय भिजत होते," तो मान न वळवता तिला म्हणाला. "माती दोन्हीला पुरणार नव्हती. म्हटलं, आधी फरशी करू, विहीर पुढच्या वर्षी. तोवर फळकुटं टाकून झाकून ठेवू. पुढचं वर्ष काही आलंच नाही गं."

"मला विचारलं असतंत तर मी पाण्यात उभी राहिले असते."

"माहीत आहे."

तेवढ्यात मागं गिअर पडल्याचा आवाज आला.

"चला मंडळी," लाउडस्पीकरवरून धाकट्याचा आवाज सगळ्या आवारात घुमला. "आमचे तात्या आज वाहतूक नियंत्रणाला बसलेत. त्यांना आपण बाजूनं वळसा घालू." पोरं हो म्हणून ओरडली. ट्रॅक्टर हलला, ट्रॉली हलली. धाकट्यानं सवयीनं दुसरी वाट काढली होती, खुर्चीपासून दोन हात अंतर सोडून. विहीर आठ हात रुंद होती.

थोरल्याला धावताना तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. तो धावला, वेडावाकडा, दोन्ही हात वर करून, आणि ट्रॅक्टरच्या नाकापुढं उभा राहिला. धाकट्यानं करकचून ब्रेक दाबला. ट्रॉलीतली पोरं एकमेकांवर पडली आणि त्यांना ती गंमतच वाटली.

"दादा, मरायचंय का तुला?" धाकटा खाली उडी मारून त्याच्या अंगावर आला. माइक कॉलरलाच होता. "महिनाभर अडवलंस, आता सगळ्या लोकांसमोर..."

"विहीर बुजवलेली नाही." थोरल्यानं भावाची कॉलर धरली होती, की स्वतःला सावरत होता, कोण जाणे. "ऐक. मी ती बुजवली नाही. खोटं सांगितलं. ती सगळी माती मी बाजाराच्या फरशीखाली घातली. तात्या बसलेत तिथं खाली चाळीस हात पोकळी आहे."

आणि हे प्रत्येक अक्षर लाउडस्पीकरवरून गेलं. बाजारात, झोक्यांवर, मोटारींच्या रांगेत, मक्याच्या वाटांत. थोरलीला आवारभर शांतता पसरत गेलेली जाणवली. आईस्क्रीम खाणारे थांबले. एक बाई आपल्या पोराला उचलून मागं मागं सरकायला लागली.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. "दादा, परवा मी तिथं उभा होतो. माती चोपली मी. पायांनी चोपली." त्याचा आवाज चिरकला. "उड्या मारून चोपली."

"भांडण नंतर," मास्तरीण म्हणाली. ती केव्हा आली कोणी बघितलं नाही. आवाज वर्गातला होता. "मुलांनो, खेळ आहे. आवाज न करता, मागच्या बाजूनं, दोघादोघांनी उतरायचं. जो बोलेल तो बाद." तीस पोरं चिडीचूप उतरली. शेवटचं पोर कुंपणाबाहेर गेल्यावर ती मटकन गवतावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. "मीच म्हटलं होतं मधून ने म्हणून," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

धाकटीनं कुणाला काही विचारलं नाही. कापायची राहिलेली ती लाल फीत तिनं सोडली आणि दोन खांबांना बांधून गर्दी तिच्यामागं लोटली. एरवी ढकलाढकली करणारी माणसं त्या बोटभर फितीमागं निमूट उभी राहिली. मग फळं तोडायच्या दोन लांब शिड्या ती एकटीच फरफटत घेऊन आली. "जमिनीवर आडव्या टाका," ती धापा टाकत म्हणाली. "वजन पसरेल."

"मी जातो," धाकटा म्हणाला.

"नाही. मी," थोरला म्हणाला, आणि कमरेला दोर बांधायला लागला. त्याच्या बोटांना गाठ येईना. थोरलीनं पुढं होऊन ती बांधली, दोनदा बांधली, ओढून बघितली. त्याच्याकडे वर बघायचं तिला धैर्य झालं नाही. राग होता, आणि रागाच्या खाली एवढी भीती होती की राग नुसता नावालाच राहिला होता.

दोराचं दुसरं टोक धाकट्यानं धरलं. मिनिटभरापूर्वी भावाच्या अंगावर धावून गेलेला माणूस टाच रोवून, दोर दंडाला गुंडाळून उभा राहिला. त्याच्यामागं थोरली, तिच्यामागं धाकटी.

थोरला शिडीवर पोटावर झोपून सरकत गेला. एक पायरी, मग दुसरी. शिडीखालची हिरवळ लाटेसारखी दबत होती. माती कुठंतरी आत ओघळल्याचा आवाज आला, साखर सांडल्यासारखा बारीक, आणि थोडा वेळ येतच राहिला. थोरलीनं डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"तात्या, हात द्या."

"ऐकलं मी," तात्या म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं."

"हो. हात द्या आता."

"उशीर केलास."

"हो तात्या."

"मीही केला," तात्या म्हणाले, आणि काठी टाकून त्यांनी हात पुढं केला.

थोरल्यानं त्यांना खुर्चीतून अलगद शिडीवर घेतलं, लहान पोराला पाळण्यातून काढावं तसं. दोघं शिडीवर एकमेकांना चिकटून आडवे झाले. "ओढा," तो म्हणाला. तिघांनी ओढलं. दोरानं थोरलीच्या तळव्यांची सालं निघाली, ती तिला संध्याकाळी दिसली. शिडी कुरकुरत मागं आली, हात, दोन हात, आणि खुर्ची हळूच एका बाजूला कलली. कोणी धक्का दिला नव्हता. एक पाय आत गेला, मग दुसरा. मग खुर्ची दिसेनाशी झाली, तिच्यामागं बादली गेली, आणि हिरवळीत खाटेएवढं काळं भोक राहिलं.

सगळे कान देऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं वाजलं.

दुपारपर्यंत आवार रिकामं झालं. माणसं ओरडली नाहीत, पैसे परत मागितले नाहीत, नुसती पोरांचे हात घट्ट धरून निघून गेली, आणि थोरलीला तेच जास्त लागलं. मास्तरीण पोरांना घेऊन गेली. जाताना तिनं थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण धाकटा त्याच्याशी बोलायला तयार नव्हता. तो भोकाभोवती खांब ठोकत होता, आणि प्रत्येक खांब गरजेपेक्षा चारपट जोरानं ठोकत होता. हे भांडण एका दिवसात मिटणारं नव्हतं. माणसं परत येतील की नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं.

तात्या नेहमीप्रमाणे बाजाराच्या दाराशी येऊन उभे राहिले. थोरलीनं आत चहा केला. कप उचलून निघाली आणि तिचं लक्ष पायांखाली गेलं. अकरा वर्षं घासलेली, पुसलेली, स्वच्छ फरशी. ह्याच जागेवर उभं राहून तिनं हजारो माणसांना हसून या म्हटलं होतं. तिला तिथं उभंच राहवेना. ती झपझप बाहेर आली, तात्यांच्या हातात कप दिला, मग धाकटीनं सजवलेली एक बादली उचलली, फुलं पायरीवर ठेवली, आणि बादली दाराच्या मधोमध पालथी घातली.

धाकटी भोपळ्यांची टोपली घेऊन पायऱ्या चढत होती. बादलीपाशी आली, थांबली. सवयीनं तिचा हात पुढं गेला आणि मागं आला. तिनं टोपली तिथंच पायरीवर ठेवली.

मग थोरला आला. कपडे मातीचे, डोळे सुजलेले, खांद्यावर पहार. त्यानं बादली बघितली, बायकोकडे बघितलं. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कुठून सुरू करू?" त्यानं विचारलं.

"गल्ल्यामागून," ती म्हणाली. "मी उभी राहते तिथून."

तो बादलीला वळसा घालून आत गेला. पहारेचा पहिला घाव बसला, फरशी तडकली, दुसऱ्या घावाला उचकटली. खालची माती वर आली, लालसर, खडीची, अजून ओली.

तात्यांनी कप टोपलीशेजारी ठेवला. बादलीपाशी जरा थांबले. मग भिंतीला धरून, बेतानं, उंबरठ्याच्या आत आले आणि मान वर करून छप्पर, फळ्या, बरण्यांच्या रांगा, सगळं बघत राहिले.

"केवढा मोठा आहे गं हा बाजार," ते म्हणाले.